त्याला माफ आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आला होता. समूहगीत चाललंय, मागे दोन रांगांत मुलं उभी आहेत आणि पुढे उजव्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत, हातात वाद्य घेतलेला एक मुलगा आहे. मथळा त्याने उपस्थितांची मनं जिंकल्याचा. मजकूर जेमतेम वीस ओळींचा, त्यात ‘असूनही’ हा शब्द तीनदा. मी मोजले. वह्या तपासायची खोड निवृत्त होऊनही जात नाही.

पण बातमीपेक्षा मी फोटो जास्त वेळ बघितला, भिंग लावून. मागच्या मुलांपुढे चार माइक आहेत, या मुलापुढे एकही नाही. मागची सगळी मुलं प्रेक्षकांकडे बघताहेत. हा एकटा मान वळवून मागे बघतोय, कारण गाणारे कुठवर आलेत हे वाजवणाऱ्याला बघावंच लागतं. त्याच्याकडे बघणारं मात्र कुणी नाही. फोटो एका क्षणाचा असतो, पुढच्याच क्षणी कुणी बघितलंही असेल. तरी हा कोपरा माझ्या ओळखीचा आहे. मीच किती मुलांना तिथे बसवलंय. म्हणून लिहिते. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, शेवटचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

मी मिरजेची. १९९६ ते २०२४ अशी २८ वर्षं संगीत शिकवलं, मिरजेपासून एसटीने पाऊण तासावरच्या एका गावातल्या अनुदानित शाळेत. पाचवी ते दहावी. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास, ३५ मिनिटांचा, तोही गणिताच्या सरांनी पोर्शन राहिलाय म्हणून मागून नेला नाही तर. वर्गात साठ-साठ मुलं. साहित्य म्हणजे एक पेटी, जिची मधली काळी तीन दाबली की वर यायची नाही. एक तबला-डग्गा, टाळांचे सहा जोड आणि सतरंज्या. संगीताची खोली वरच्या मजल्यावर, कारण इतर वर्गांना आवाजाचा त्रास नको.

पहिल्याच आठवड्यात सहावीची हजेरी घेताना एका नावाला ‘हजर’ आलं नाही. मी पुन्हा नाव घेतलं, तसा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘बाई, त्याला माफ आहे.’’ पोलिओ झालेला मुलगा, पायाला कॅलिपर. कवायत माफ, खेळाचा तास माफ, सहल माफ, आणि खोली वरच्या मजल्यावर म्हणून संगीतही माफ. तेवढा वेळ तो खाली वाचनालयात बसायचा. मला तेव्हा ही पद्धत दयाळू वाटली, खरं सांगते. जिना २२ पायऱ्यांचा, पोराला कशाला चढ-उतार करायला लावायची, असा माझाही विचार. वर्ष संपत आलं तेव्हा शिपाईमामा सहज बोलून गेले की वर पेटी सुरू झाली की ते पोर खाली खिडकीत बसून ठेका धरतं.

‘माफ’ या शब्दाने मुलांच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा समजलं. फी माफ होते, गुन्हा माफ होतो. या मुलाचा गुन्हा कोणता हे कुणी विचारत नव्हतं, पण त्याला काहीतरी सुटलंय एवढं सगळ्यांना दिसत होतं. आधी हेवा, ‘मजा आहे बाबा तुझी.’ मग हळूहळू तो मोजणीतूनच गेला. वर्गाचे दोन गट करायला सांगितले की मॉनिटर म्हणायचा, ‘‘बाई, साठ आहोत, तीस-तीस.’’ हजेरीपटावर नावं ६१ होती.

आता एक गोष्ट, जी मी आजवर धड कुणाला सांगितलेली नाही. २००३ साल. तालुक्याची देशभक्तिपर समूहगीत स्पर्धा होती. सातवीत एक मुलगी होती, तिला इथे मंदा म्हणू. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू यायचं. तेव्हा सरकारी शिबिरात मिळणारं यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी, आत पेन्सिल सेल आणि डबीतून कानापर्यंत गेलेली वायर. तिच्या आईने गणवेशाला आतून त्यासाठी खिसा शिवून दिला होता. मंदाला गटात यायचं होतं. चेहरा बोलका, उभं राहणं ऐटीत. आवाज मात्र एका पट्टीत थांबायचा नाही. मी तिला घेतलं आणि आदल्या दिवशीच्या सरावाला सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘मंदा, तू आवाज काढू नकोस हं. नुसते ओठ हलव.’’ ती ‘बरं बाई’ म्हणाली. गटातून काढलं तर नाही ना, म्हणून मी स्वतःवर खूश होते. आमचा दुसरा नंबर आला.

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते. कडुलिंबाच्या पारावर पाच-सहा मुली मंदाभोवती बसून काहीतरी सांगत होत्या. हात हलताहेत, भुवया उडताहेत, ओठ हलताहेत. सुट्टीचा गोंगाट, मला तिथवरचं काही ऐकू येत नव्हतं आणि त्यात काही वावगंही वाटलं नाही. मंदा हिच्या तोंडाकडून तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने गणवेशावरूनच डबी चाचपली. बाहेर काढून आवाजाचं चाक थोडं फिरवलं. मुलींचं चालूच. तिने झाकण उघडलं, सेल काढला, त्यावर फुंकर मारली, स्कर्टला पुसला, टोकं बघून परत बसवला. मग चाक शेवटपर्यंत फिरवलं, तशी यंत्राने शिटी मारली. मुलींनी कानांवर हात दाबले आणि हसत सुटल्या. ते हसू मला व्हरांड्यात ऐकू आलं, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की आतापर्यंत त्यांच्यातल्या एकीच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. त्या नुसते ओठ हलवत होत्या.

मी धावत गेले आणि त्यांच्यातल्या पुढारणीच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, ‘‘तुम्हीच सांगितलं की बाई तिला. आमी बी तसंच केलं.’’

स्टाफरूममध्ये मी हा प्रकार ‘मुली किती दुष्ट झाल्यात’ म्हणून सांगितला. ओठांचं मूळ कुठलं, ते गाळून.

मुलं निष्पाप असतात म्हणतात, कुणी म्हणतं क्रूर असतात. मला ती हिशोबी दिसली, आणि हिशोब मांडताना ती मोठ्यांच्या वहीत डोकावतात. पाचवीतलं पोर थेट विचारतं, ‘तुझा हात असा का? दुखतो का? झोपल्यावर पण असाच राहतो का?’ उत्तर मिळालं की विषय सोडून डब्यात काय आणलंस ते विचारतं. आपण नेमकं तिथेच त्याला दटावतो, असं विचारू नये म्हणून. सातवीपर्यंत विचारणं थांबतं आणि नकला सुरू होतात. नववीत नकलाही थांबतात, मग ‘बिचारा’ येतो. नववीची मुलं फार सभ्य. दार धरून ठेवतील, दप्तर उचलतील, आणि समूहगीतासाठी नावं सुचवा म्हटलं की त्याचं नाव घेणार नाहीत. मला तर नकला करणारी सातवीच परवडायची. नक्कल करायला निदान त्या मुलाकडे नीट बघावं लागतं.

मधल्या काळात शब्द बदलले. अपंग जाऊन दिव्यांग आला, शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत आला. मुलांच्या तोंडी दोन्ही नसतात. ती वस्तूवरून नाव पाडतात. मशीनवाली, गाडीवाला, काठी.

एकदा नेमकं उलटं झालं. आठवीत दृष्टी नसलेला एक मुलगा आला. तो यायच्या आधीच शाळेत गवगवा, आता आपल्याला गायक मिळणार. आमच्या भागात त्याला कारणही आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर इथल्याच कुरुंदवाडचे, १८७२चा जन्म. लहानपणी दत्तजयंतीला फटाका तोंडाजवळ फुटला, डोळे अधू झाले, शाळेचं शिक्षण थांबलं आणि ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. पुढे ५ मे १९०१ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ही गोष्ट इथल्या मुलांना पाठ असते, आणि तीतून ती सार काढतात की डोळे गेले की गळा येतो. मधली वर्षानुवर्षांची मेहनत गोष्टीत दोन वाक्यांत उरकलेली असते, म्हणून ती मुलांच्याही हिशोबात येत नाही.

तर या मुलाला मी पहिल्या तासाला सा लावायला सांगितला. तो बेसूर. साधा, सरळ, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखा बेसूर. त्याला गाण्यात काडीचा रस नव्हता. रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंट्रीची हुबेहूब नक्कल करायचा तो. वर्गाचा असा काही विरस झाला की बस. एक मुलगा मला वैतागून म्हणाला, ‘‘बाई, दिसत नाही आन् गाता पण येत नाही, मग काय उपयोग?’’ मी त्याला रागावले खरी, पण त्याने शाळेचाच विचार मोठ्याने बोलून दाखवला होता. मुख्याध्यापकांनी तर स्वागतगीताच्या यादीत त्याचं नाव आधीच घालून टाकलं होतं.

मंदाच्या प्रकारानंतर मी सांगलीतल्या एका विशेष शिक्षिकेकडे गेले होते. कर्णबधिर मुलांना शिकवायची हयात गेलेल्या बाई. मी म्हटलं, तिला संगीताच्या तासाला काय करायला देऊ? त्या म्हणाल्या, तिला एकटीला काही देऊ नका, सगळ्यांना फुगे द्या. मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांनी एव्हलिन ग्लेनीबद्दल सांगितलं. स्कॉटलंडची तालवादक, बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झालेली. तिच्या शाळेतल्या शिक्षकाने तिला खोलीच्या भिंतीला तळवे टेकवून उभं केलं आणि टिंपनी नावाचे मोठे नगारे वाजवून कुठला स्वर अंगात कुठे जाणवतो ते ओळखायला लावलं. खालचे स्वर पायात, वरचे चेहऱ्याकडे. जगभर कार्यक्रम करताना ती अनवाणी वाजवते ते त्यासाठी.

मी मिरजेच्या बाजारातून फुग्यांची दोन पाकिटं आणली. साठ मुलांनी फुगवलेले फुगे तळव्यांत धरले, डोळे मिटले, आणि मी डग्ग्यावर घुमारा काढला. वर्गात ‘आई गं’ असा एकच आवाज उठला. मग पेटीचा खर्ज, मग वरचा सा. खर्जाला फुगा थरथरतो, वरच्या सा-ला जेमतेम. दहा-बारा फुगे फुटले, खालून सर वर आले, तो भाग सोडा. त्या गडबडीत मंदाच्या शेजारची मुलगी तिला विचारत होती, ‘‘तुला रोज असंच कळतं का?’’ मंदा म्हणाली, ‘‘न्हाई. मशीन लावलं की आवाज येतो. शब्द फुटत न्हाईत.’’ वर्गात तीन वर्षं सोबत असून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. मुख्याध्यापकांच्या मागे लागून संगीताची खोली खाली आणली, प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत. आणि टाळी कोण देणार, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कोण दाखवणार, पेटीचा भाता कोण धरणार, हे निवडणं बंद केलं. हजेरी क्रमांकाने पाळी. आज एक ते सहा, पुढच्या आठवड्यात सात ते बारा. पाळी आली की करायचं, येवो न येवो. हे मुलांना इतकं पटलं की मला नवल वाटलं. रेशनच्या रांगेसारखं होतं ते, कुणावर उपकार नाही आणि कुणाला माफ नाही. ‘त्याला कशाला घेतलं’ हा प्रश्नच उरला नाही, कारण त्याला मी घेतलेलं नव्हतं, त्याचा नंबर आला होता.

अशीच एकदा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची पाळी आली. क्रमांक ३४. त्याला इथे बाळू म्हणते. त्याचे स्नायू ताठ. हात उचलायचं मनात आल्यापासून हात उचलला जाईपर्यंत वेळ जायचा. दादरा ताल चालू होता. सहा मात्रा, पहिलीवर टाळी, चौथीवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. बाळूची टाळी पडायची दुसरीवर. मागे हशा. मी लय निम्मी केली, तर टाळी पहिलीच्या किंचित पुढे. आणखी खाली आणली, अगदी बैलगाडीच्या चालीची. आणि गंमत झाली. आता वर्गाची टाळी चुकायला लागली. ज्यांनी लय संथ ठेवून काही वाजवलंय त्यांना ठाऊक असेल, दोन मात्रांमधली मोकळी जागा सांभाळणं जलद वाजवण्याहून जड जातं. मुलं धीर सोडून आधीच टाळी देऊन मोकळी व्हायची, कुणी पाचवीवर, कुणी सहावीवर. बाळूला घाई करताच येत नव्हती. त्याचा हात सहावीला निघायचा आणि पहिलीला पोचायचा. ‘‘बाई, हे अवघड हाय,’’ एकजण म्हणाला, आणि बाळू खदाखदा हसला.

तुमचा वार्ताहर तिथे असता तर यातून चमत्कार झाला असता. तसं काही नव्हतं. बाळू वर्षभर अर्ध्या वेळा चुकतच राहिला. फक्त चुकणारा तो आता एकटा नव्हता, आणि सातवीतल्या पोराला तेवढं पुरतं.

सगळं सरळ झालं असंही नाही. पुढे, २०१७च्या सुमाराला, कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशनने कानाच्या आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असलेला एक मुलगा पाचवीत आला. कानामागे यंत्र, त्यातून निघालेली वायर, आणि केसांत चुंबकाने चिकटणारी गोल चकती. मुलांनी पहिल्या दिवशी त्याचं नाव ठेवलं वायफाय. ‘चार्जिंग किती राहिलंय रे?’ हा रोजचा विनोद. ऑपरेशन झालं म्हणजे आता सगळं ऐकू येतं, असं शिक्षकही धरून चालले होते. पण निरोगी कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी हजारोंनी असतात, आणि त्यांचं काम इथे बारा ते बावीस इलेक्ट्रोडना करावं लागतं. बोलणं समजायला ते बऱ्यापैकी पुरतात. ठेका चांगला कळतो. शेजारशेजारचे स्वर मात्र एकमेकांत मिसळतात. रे आणि ग वेगळे काढणं त्याला महाकठीण. मी सुटका म्हणून त्याला टाळ दिले. लय पक्की होती. आठवड्याभराने त्याने टाळ माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, ‘‘मला गायचंय.’’

माझ्याकडे उपाय नव्हता. तो त्याच्या शेजारच्या पोराने काढला. गाताना तो आपला हात मांडीपासून वर नेऊ लागला, सा मांडीवर, प छातीशी, वरचा सा कपाळाशी. याने बघून आवाज वर-खाली करायचा. सूर नेमका लागायचा नाही, पण चढ-उतार बरोबर यायची. महिन्याभरात अख्खी पाचवी हात हलवत गाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर वर्गाचाच सूर सुधारला. आठवीत तुकड्या बदलल्या, तो शेजारी ‘ब’ तुकडीत गेला आणि हे सगळं थांबलं. नव्या शेजाऱ्याला हात हलवायची लाज वाटायची. मी एकदा-दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

बी.एड.ची एक छात्राध्यापिका आमच्याकडे पाठ घ्यायला यायची. तिने मला गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं सांगितलं, १९५४चं. त्याच्या डोळ्यांपुढे तिथला वर्णभेद होता. दोन गट नुसते जवळ आणले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, काम एक हवं, ते मिळून करावं लागायला हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. मी ते ऐकून गप्प बसले. एका सतरंजीवर बसवलं की समावेश झाला, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मंदाही त्याच सतरंजीवर बसायची.

आणि वरच्यांचा पाठिंबा म्हणाल, तर एका स्पर्धेत बाळूला घेऊन गेले तेव्हा परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘बाई, हालचाल एकसारखी दिसत नाही, पुढच्या वेळी जरा बघून मुलं निवडा.’’ दुसऱ्या ठिकाणी आमचं गाणं संपायच्या आत निवेदकाने बाळूचं नाव पुकारून टाळ्या मागितल्या आणि आम्हाला विशेष उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. परतीच्या एसटीत मुलं घुश्शात. आधी ‘त्याच्यामुळे नंबर गेला’ म्हणायची, आता ‘त्याच्यामुळे मिळाला’. आम्ही चांगलं गायलो की नाही हे कुणी सांगितलंच नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. सगळ्यात जास्त रागावला होता बाळू. घरांचंही तसंच. एका आईने मला येऊन सांगितलं होतं, आमच्या मुलीला त्याच्या शेजारी बसवू नका, ती तसेच हात करायला लागेल. त्या मुलीने हे दारात उभं राहून ऐकलं.

मी निवृत्त झाले त्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. संगीताच्या तासाला आता ब्लूटूथचा स्पीकर आहे. स्नेहसंमेलनाची गाणीही ट्रॅकवर बसवतात, राज्यगीतही परिपाठाला स्पीकरवरूनच. ट्रॅकला पट्टी एकच, लय एकच. पेटीवर मी पट्टी बदलून काळी चारवरून पांढरी दोनवर यायचे, बाळूसाठी लय उतरवायचे; ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. स्वमग्न असलेला एक मुलगा माझ्या तासाला दाराशी बसायचा, आवाज फार झाला की उठून व्हरांड्यात जायचा, मी हात वर केला की परत यायचा. आता स्पीकर लागला की तो कान झाकून मैदानाच्या टोकाला पळतो, असं शिपाईमामांकडून कळलं. त्याला परिपाठ माफ करून टाकलाय.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, १९ एप्रिल २०१७पासून लागू. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस झाले. त्याच्या कलम १६ मध्ये या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या आणि खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्या, असं आहे. ‘माफ’ हा शब्द मला त्यात कुठे सापडला नाही. स्नेहसंमेलनांचे दिवस आहेत. शिक्षकांना एवढंच सुचवते की एखादं गाणं ट्रॅकविना बसवा, आणि मुलं हजेरी क्रमांकाने घ्या. नंबर गेला तर जाऊ द्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. फोटोखालच्या ओळीत आपण ‘डफली वाजवताना दिव्यांग विद्यार्थी’ असं छापलंय. ती डफली नाही, दिमडी आहे. आकार बघा, कडेला चकत्या नाहीत. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हातात असते ती. त्या मुलाच्या डाव्या हाताची बोटं कातड्याच्या कडेशी दाबलेली आहेत आणि उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट सुटं आहे. फोटोपुरती हातात दिलेली दिमडी अशी कुणी धरत नाही. हा मुलगा शिकलेला आहे, बहुधा घरातच. बातमीत गाणाऱ्या दहा मुलांची नावं आहेत, वाजवणाऱ्याचं नाही. शाळेला फोन केलात तर मिळेल. दुरुस्ती छापताना त्याचं नाव घालावं, आणि पुढे कंसात फक्त ‘दिमडी’.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका, मिरज